इंद्रायणीचं पोट

आण्याच्या पठारावर सरुबाईच्या हाताला डॉक्टरापेक्षा जास्त मान होता, आणि ही काही थट्टा नव्हे. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मेंढी न्यायची असली की माणसं आदल्या दिवशी ती सरुबाईच्या दारात आणून उभी करायची. म्हातारी मेंढीला दोन गुडघ्यांत धरायची, डोळे मिटून पोटाखालून हात फिरवायची आणि एकच शब्द बोलायची. "हाय" नाहीतर "न्हाई". हाय म्हटलं की मेंढी गाभण. मग व्यापारी असो की घरचा पाहुणा, पुढं कुणाची तोंड उघडायची टाप नव्हती. पन्नास वर्षांत हा हात चुकला नाही असं सगळं गाव म्हणायचं, आणि सगळ्यांत मोठ्यानं सरुबाई स्वतःच म्हणायची.

तर हा असा हात एक दिवस दिवेलागणीला सख्ख्या नातीच्या पोटावर येऊन थांबला.

नात म्हणजे इंद्रायणी. बावीस वर्षांची, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. आळेफाट्याच्या अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणी चोवीस दिवसांवर आली होती आणि हिचं आठशे मीटरचं टायमिंग सगळ्या पोरींत पहिलं होतं. पण त्या दिवशी पळताना पोटात असा पीळ पडला की ती मैदानावरच वाकून बसली. महिनाभर बारीक दुखत होतंच, तिनं लक्ष दिलं नव्हतं. घरी आली तर पुन्हा कळ. सरुबाई म्हणाली, "वात धरला आसंल. पड आडवी." तिनं एरंडेल कोमट केलं आणि पोट चोळायला बसली.

बेंबीजवळ, जरा डाव्या अंगाला, म्हातारीच्या बोटांना काहीतरी गोल लागलं. तटतटीत, पाण्यानं भरलेलं. तिनं हलकेच ढकललं, ते सरकलं. इस्तवाला हात लागावा तसा तिनं हात मागं घेतला, तेलाची वाटी तिथंच ठेवली आणि उठली.

"काय झालं गं आजे?"

"काय न्हाई. पड."

स्वयंपाकघर आणि खोलीच्या मधे नुसता पत्रा. पलीकडं सरुबाई सुनेला, म्हणजे इंद्रायणीच्या आईला, जे हळू आवाजात बोलली ते इंद्रायणीला शब्द न् शब्द ऐकू आलं. "आशा, पोरीला दिवस गेल्यात. चौथा तरी आसंल."

तिकडं आशाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. इकडं इंद्रायणी तेलकट पोटावर कुडतं ओढत तशीच आत गेली. "आजे, डोकं फिरलंय का तुझं? कुठलं दिवस? कुणाचं दिवस? असलं काय बी झालेलं न्हाई."

"पाळी?" आईनं विचारलं.

"तीन महिने चुकली. रनिंगनं व्हतं तसं. अकॅडमीतल्या निम्म्या पोरींचं व्हतं."

आई आणि आजीनं एकमेकींकडं बघितलं. झालं. त्या बघण्यात खटला चालला, निकाल लागला आणि आरोपीला विचारलंसुद्धा नाही.

बाप रामनाथ सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आशाला एवढंच म्हणाला, "तिला इचार, कोण हाय." आता गंमत बघा. हाय का न्हाई, हे त्या घरात कुणीच विचारलं नाही. कोण हाय, तेवढंच. पोरगी आळेफाट्याला पोरांच्या बरोबरीनं पळते, मोबाईल वापरते, सरुबाईचा हात हाय म्हणतो, मग असणारच.

तिसऱ्या दिवशी आशा नारायणगावला जाऊन आली. गावातल्या मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून एवढ्या लांब. पदराच्या आतून तिनं तपासणीची पट्टी काढली आणि लेकीपुढं धरली. "येवढं कर बाई. पाच मिंटाचं काम. न्हाई निघालं तर सगळ्यांची तोंडं गप."

"कुणाची तोंडं? घरात तुमी तिघं हाय. तुमची तोंडं गप करायला मी पट्टीवर मुतू?"

"इंद्रे!"

"मी न्हाई म्हणलं ना? मग न्हाई. तुज्या पोटची हाय मी. माझ्या शब्दाला या पट्टीयेवढी बी किंमत नसंल तर राहू दे."

आशा रडायला लागली. इंद्रायणीलाही रडू येत होतं, पण ती रडली नाही, कारण रडली असती तर तेही कबुलीत धरलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. रात्री उताणं पडलं की पोटावरचा तो उंचवटा तिला स्वतःला दिसायचा. हाताला लागायचा. पोटात काहीतरी होतं हे तिला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. पोटात काय आहे याची सगळ्या घराला काळजी पडली होती. पोट दुखतंय, याची एकालाही नव्हती.

तेवढ्यात सरुबाईनं आपल्या लेकीला, वारूळवाडीच्या कुशाबाईला, फोन केला. कुशाबाई म्हणजे इंद्रायणीची आत्या. ही बाई कामाला वाघ. तिनं दोन दिवसांत चुलत दिराचा पोरगा काढला. सयाजी, वय पस्तीस, टोमॅटोचा टेम्पो, लग्न जमत नव्हतं. रविवारी बघायचं, पुढच्या गुरुवारी देवळात चार माणसांत हळद-अक्षता उरकायची. भरती? भरतीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. अकॅडमीच्या सरांना रामनाथनं परस्पर फोन करून सांगितलं की पोरगी येणार नाही.

इंद्रायणीला हे कळलं तेव्हा ती एक अक्षर बोलली नाही. आईला वाटलं, वठणीवर आली.

रविवारी पाहुणे आले. कुशाबाई, सयाजी आणि सयाजीचा मामा. चटईवर बसले. इंद्रायणी ताटात पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, साडीबिडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. मामा खुशीत आले. "बस पोरी. शिक्षण किती झालं?"

तिनं ताट खाली ठेवलं. बसली नाही.

"शिक्षण सांगते मामा, पण त्याच्या आधी दुसरं सांगते. माझ्या घरच्यांना वाटतंय मला दिवस गेल्यात. चौथा महिना. म्हणून तुमाला घाईनं बोलावलंय. मला काय दिवस गेलेलं न्हाईत. पण त्यांना तसं वाटत असून तुमच्या पोराच्या गळ्यात बांधाया निघाल्यात, ते तुमाला सांगितलंय का?"

पोह्याचा घास मामांच्या तोंडात तसाच राहिला. कुशाबाईचा चेहरा पांढराफटक. सयाजी बिचारा उठून उभाच राहिला, म्हणाला, "मला यातलं काय बी म्हायती न्हाई ताई." ताई! इंद्रायणीला त्याची दया आली. माणूस वाईट नव्हता.

टेम्पो उतारावरून दिसेनासा झाला तसा रामनाथ उठला. हात उगारून लेकीच्या अंगावर गेला. "माझ्या तोंडाला काळं फासलंस!"

सरुबाई मधे आली. "मारू नगं रामा! पोटुशी हाय पोरगी!"

इंद्रायणी हसली. अशी हसली की रामनाथचा हात खाली आला. "मार आबा," ती म्हणाली. "पण आधी मला दवाखान्यात जाऊन येऊ दे. महिना झाला पोट दुखतंय माझं. तुमच्यातल्या येकानं तरी विचारलं का, कुठं दुखतंय?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एस्टीला गेली. एकटीच निघाली होती. गाडी सुटायच्या वेळेला सरुबाई चढली, हिरवं धडूतं नेसून, हनुवटी वर करून, आणि नातीच्या शेजारी येऊन बसली.

"तू कशाला?"

"माझा हात खोटा पाडाया निघालीस नव्हं? मग मला बी बघू दे की मशीन काय म्हणतंय."

आळेफाट्याला गाडी बदलून नारायणगावला पोहोचेपर्यंत इंद्रायणी पुढच्या बाकाला धरून बसली. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनमधून नातीच्या पोटाकडं.

दवाखान्यातली डॉक्टर बाई वयानं पन्नाशीची, चष्मा नाकावर. तिनं आधी दुखण्याचं सगळं विचारलं. कधीपासून, कुठं, पळताना की जेवल्यावर. इंद्रायणीला एकदम भरून आलं. महिन्यात पहिलं माणूस हे विचारत होतं. मग डॉक्टरीणबाईंनी पोटाला गार जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र ओटीपोटावर टेकवलं.

"गर्भाशय व्यवस्थित आहे. रिकामं आहे."

"मशीन नीट लावा बाई," सरुबाई म्हणाली.

"नीटच लावलंय आजी."

मग यंत्र वर सरकलं, बेंबीकडं, आणि डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर एक काळा गोल आला. मोठा, कडा स्वच्छ, आत अंधार. त्यांनी तो मापला, पुन्हा मापला. "हे बघ," त्या इंद्रायणीला म्हणाल्या, आजीला नाही. "लहान आतडं पोटात मोकळं नसतं, एका पडद्याला धरून असतं. त्या पडद्यात ही पाण्याची पिशवी झालीय. नारळाएवढी आहे. लाखात एखाद्याला होते. मी इतक्या वर्षांत ही दुसरी बघतेय."

"कॅन्सर?" इंद्रायणीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तसं दिसत नाही. साधी वाटते. पण काढावी लागेल. एवढी मोठी झाल्यावर ती पिळू शकते, बरोबर आतडं पिळू शकतं. आणखी महिनाभर तशीच पळत राहिली असतीस तर काही खरं नव्हतं. पाळीचं म्हणशील तर ते पळण्यामुळं झालं असेल, तेही बघू."

इंद्रायणीनं डोळे मिटले. सरुबाई मात्र अजून त्या काळ्या गोलाकडं बघत होती. "पण पाणी व्हतं," ती पुटपुटली. "माझ्या हाताला पाणी लागलं व्हतं."

"पाणीच आहे आजी. हात इकडं द्या." डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचा हात धरून नातीच्या पोटावर ठेवला. "डावीकडून उजवीकडं हलवा. हलते? आता वर-खाली हलवा."

हलेना. आडवी सरकत होती, उभी सरकत नव्हती.

"पडदा तिरका बांधलेला असतो ना, म्हणून. आणि आता पिशवीच्या खालून बोटं घाला. गेली? गर्भाशय असतं तर खालून वर आलेलं असतं. बोटं गेली नसती."

सरुबाईची बोटं पिशवीच्या खाली सहज गेली. ती तिथंच थांबली.

"आजे," इंद्रायणी टेबलावरूनच म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मेंढीला तू रातभर उपाशी ठिवतीस. सकाळी पाण्याआधी बघतीस. आडवं बघतीस, उभं बघतीस, खालनं बघतीस. मनात शंका आली तर आठ दिसांनी पुन्हा आणाया सांगतीस. मगच हाय म्हणतीस. माझ्या पोटावर कितीदा हात ठिवलास?"

म्हातारीनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

उत्तर दिलं ते परतीच्या गाडीत. आण्याचा घाट चढताना, खिडकीकडं तोंड करून. "भ्याले मी. मेंढी गाभण निघाली म्हणून कुणाची इज्जत जात न्हाई. हाताला पाणी लागलं आन मला फकस्त गाव दिसलं. पुढं चाचपायचं सुचलंच न्हाई."

"मला सुचलं असतं का तुझ्या जागी?" इंद्रायणी म्हणाली. "सुचलं असतं आजे. तू माझी आजी हायस, मला सुचलं असतं." आणि तिनं मान फिरवली. तिनं माफ केलं नव्हतं, आणि केल्यासारखं दाखवायची तिला अजिबात इच्छा नव्हती.

ऑपरेशन मंचरला झालं. आतड्याला धक्का न लावता पिशवी अख्खी निघाली. सर्जननं रामनाथला बोलावून ती दाखवली, तेव्हा रामनाथ भिंतीला धरून उभा राहिला. आत दुधासारखं पांढरं पाणी होतं. आतड्यातला मेदच पाण्याबरोबर साठलेला, सर्जननं समजावलं. रामनाथला काही समजलं नाही. तो बाहेर येऊन बाकड्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला.

पोटाला टाके होते आणि मैदानी चाचणीची तारीख उजाडली. सकाळी साडेसात. इंद्रायणी पलंगावर पडून घड्याळाकडं बघत होती. पोरी आता वॉर्मअप करत असतील. आता लाईनीत उभ्या असतील. शिट्टी. अडीच-पावणेतीन मिनिटं ती नुसती घड्याळाच्या काट्याकडं बघत राहिली. मग तिनं उशीवर मूठ आपटली, एवढ्या जोरात की टाक्यांत कळ गेली, आणि त्या गाठीला, आजीच्या हाताला, बापाच्या फोनला आणि अख्ख्या पठाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. नर्स म्हणाली, "दुखतंय का?" ती म्हणाली, "दुखणारच की. पुढच्या साली बघते मी एकेकाला."

दहा दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. साधी गाठ. कॅन्सर नाही. तीन महिन्यांनी पळायला मोकळी.

घरी सण असल्यासारखं झालं. कुशाबाई वारूळवाडीहून साडी-नारळ घेऊन आली. तिनं इंद्रायणीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "आमच्याकडं लई बोलत्यात गं लोक. सयाजीच्या मामांनी सगळीकडं बोभाटा केला. पण आता काय, पुरावाच हाय आपल्याकडं!"

रामनाथ मोबाईल घेऊन बसला होता. रिपोर्टाचा फोटो काढला होता, पिशवीचाही. भावकीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर त्यानं सकाळपासून लिहीत बसून आता पुरा केला होता. तो मोठ्यानं वाचून दाखवू लागला. "आमची कन्या चि. इंद्रायणी हिच्याबद्दल जी अफवा..."

"आबा, ते पाठवू नका."

"का? नाव धुऊन निघंल तुझं. सगळं लिवलंय डॉक्टरनं. गर्भाशय नॉर्मल म्हणून बी लिवलंय."

"माझं गर्भाशय भावकीच्या ग्रुपवर टाकताय तुमी?"

रामनाथ गडबडला. "तसं न्हाई गं. पण लोक..."

"लोकांनी मला कधी विचारलं न्हाई. तुमी बी न्हाई विचारलं. मी सांगितलं व्हतं, असलं काय बी न्हाई. त्यावर तुमचा इश्वास बसला न्हाई आन कागदावर बसला. तो कागद माझा हाय. मी कुणाला दावणार न्हाई." ती उठली, हळूहळू, पोटाला हात धरून, आणि मोबाईल मागायला बापापुढं हात केला. "आन आज मी दावला तर उद्या आणखी कुणाच्या पोरीला मागत्याल. तिच्याकडं नसला मग तिनं काय करायचं?"

"आगं पण आपलंच खरं निघालंय ना!" कुशाबाई म्हणाली. "मग लपवायचं कशाला?"

"आत्या, आपलं न्हाई. माझं खरं निघालं. तुमचं खोटं निघालं."

आशा उंबऱ्यात उभी होती, ती खाली बघू लागली. मग इंद्रायणीनं ते विचारलं, जे महिनाभर तिच्या घशात अडकून होतं.

"आन आबा, खरंच दिवस गेलं असतं तर?"

कुशाबाईनं नारळाची शेंडी सरळ केली. रामनाथनं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. इंद्रायणी उभीच होती. टाके ओढत होते, पण उत्तर मिळाल्याशिवाय ती बसणार नव्हती, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. लांबून वाघराच्या जाळीतल्या कोकरांचा आवाज येत होता.

शेवटी सरुबाई उठली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं एकाही मेंढीला हात लावला नव्हता. माणसं दारातून परत गेली होती. ती लेकाजवळ गेली आणि त्याच्या मांडीवरचा मोबाईल उचलून नातीच्या हातात दिला.

"तरी बी पोट हिचंच व्हतं रामा," ती म्हणाली. "तरी बी आधी, दुखतंय का, हेच इचारायला पायजे व्हतं. मी न्हाई इचारलं. मी सगळ्यांत मोठी, मीच न्हाई इचारलं."

म्हातारीचा आवाज फुटला. आण्याच्या पठारावर सरुबाईला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

इंद्रायणीनं बापाच्या मोबाईलमधला मजकूर पुसला. मग फोटो पुसले, एक-एक करून, सगळ्यांच्या देखत. मोबाईल बापाला परत दिला. मग भिंतीला टेकून आजीच्या शेजारी बसली, आणि जेवणवेळ होईपर्यंत तिथून उठली नाही. वारूळवाडीत काय बोलतात ते कुशाबाई मधूनमधून फोनवर सांगते. इंद्रायणी ऐकून घेते, आणि म्हणते, "बोलू दे."